उरलेलं तेल

तंजावूरच्या मराठी माणसाला वाईट गोष्ट तोंडानं सांगायला सांगा, त्याची जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा. दिवा विझला असं म्हणायचं नाही, दिवा शांत झाला. डब्यातले तांदूळ संपले तर ते ‘वाढले’. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि कुणाच्या तोंडून चुकून ‘जातो’ निघालंच तर दारातली म्हातारी त्याला आत बोलावून, पाणी पाजून, पुन्हा नीट ‘येतो’ म्हणायला लावते. महाराष्ट्रातही ही चाल आहे, पण तिकडे ती बोलण्यापुरती. इकडे तिच्यावर आमच्या लोकांनी संसार चालवले. आजूबाजूला सगळं तमिळ, घरात मोडकंतोडकं मराठी, देवनागरी वाचणारा गल्लीत एखादाच, पण अशुभ शब्द गिळायची सवय मात्र एखाद्या दागिन्यासारखी जपली.

कनकलता या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. दक्षिण वीथीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ती राहायची. नवरा शेषगिरीराव नगरपालिकेच्या पाणी खात्यात होता, तो गेल्यावर त्याचं पेन्शन होतं. मुलगा होसूरला कारखान्यात लागला होता आणि दर पोंगलला येऊन ‘चल माझ्याकडे’ म्हणून परत जायचा. ती काही गेली नाही. कारण सकाळ झाली की तिच्या ओट्यावर कडेवर पोर घेतलेली एखादी आई येऊन उभी राहायची. सगळं गाव तिला कनकाक्का म्हणायचं, तमिळ बायासुद्धा.

लहान मुलांची पोटं चोळणं हे तिचं काम. मूल खेळताना पडलं, किंवा कुणी त्याला वर उडवून झेललं, की त्याचं आतडं वर चढतं अशी तिकडे समजूत आहे. तमिळमध्ये त्याला कुडल एट्रम म्हणतात. मग मूल ओकतं, ढाळ लागतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. डॉक्टर म्हणतात असा रोगच नाही. नसेलही. पण पोरं किंचाळत यायची आणि अक्काच्या मांडीवर झोपून जायची, एवढं गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि गल्ली काही वैद्यकीची पुस्तकं वाचत नव्हती.

ही विद्या तिला सासूकडून आलेली. सासूच्या आजेसासूनं राजवाड्यातल्या बाळांची पोटं चोळली होती असं सांगत. तंजावूरच्या प्रत्येक मराठी घराचा राजवाड्याशी असा काही ना काही संबंध निघतोच, त्यामुळे खरंखोटं करायला कुणी गेलं नाही. कामाची रीत मात्र पक्की होती. मूल सकाळी उपाशी आणायचं. एरंडेल मुलाच्या घरचंच हवं, आईनं वाटीत आणायचं. अक्का ओट्यावर पाय पसरून बसायची, मुलाला दोन मांड्यांच्या मधल्या खोबणीत उताणं निजवायची, तेल हातावर घेऊन आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, गार तर नाही ना. मग बरगड्यांखालून बेंबीकडे, कुशीतून बेंबीकडे तिची बोटं इतकी हळू यायची की बघणाऱ्याला वाटावं ही काही करतच नाही. तोंडानं एखादं जुनं अंगाईसारखं काहीतरी पुटपुटणं. त्याचे शब्द तिलाही कळत नव्हते. मोबदला म्हणून विड्याची पानं आणि केळी. पैसे तिनं कधी हातात घेतले नाहीत.

आणि एक रीत या सगळ्याच्या वर. वाटीत तेल नेहमी थोडं उरतं. ते उरलेलं तेल अक्का ठेवून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच तेलानं देवापुढे दिवा लावायची. तेल तिच्याकडे राहिलं म्हणजे मूल तिच्या पदरात पडलं, आईनं निश्चिंत घरी जावं. पण एखाद्या पोटात बोटांना भलतंच काही लागलं, तर ती वाटी विड्याच्या पानानं झाकायची, आईच्या हातात परत द्यायची आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवायची. बोलायचं काही नाही. याचा अर्थ एकच होता. माझा हात इथं संपला, उठा, मोठ्या दवाखान्यात न्या.

“पोटाला कान असतात,” सासू सांगायची. “वाईट बोललीस की तेच घेऊन बसतं.”

लोकांना वाटीचा हा अर्थ ठाऊक होता. फार पूर्वी सांबशिवरावांच्या आईनं नातवाला आणलं होतं. पोट ढोलासारखं ताठ. अक्कानं वाटी झाकून परत दिली. म्हातारीनं ती घेतली, “येते गं” म्हणाली आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या घोडागाडीत बसून सरळ दवाखान्यात गेली. पोर वाचलं. त्याच्या मुंजीत म्हातारीनं अक्काला पहिल्या पंक्तीला बसवलं होतं. दोघींमध्ये त्या दिवसाबद्दल जन्मात एक शब्द झाला नाही. कनकलताला याचा केवढा अभिमान! शब्दावाचून जे कळतं ते खरं शहाणपण, असं ती म्हणायची. या अभिमानानंच तिचा घात केला, पण ते पुढे.

नव्वद साल उलटलं आणि बघता बघता गाव बदललं. टीव्ही घराघरांत आला, मग त्यात शंभर ठिकाणचे कार्यक्रम आले. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे फोनबूथ. मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूला शेतं होती तिथं प्लॉट पडले आणि नव्या वसाहती उठल्या. मुलांच्या डॉक्टरांच्या पाट्या वाढल्या, डब्यातलं बाळान्न आलं. अक्काच्या ओट्यावरची गर्दी ओसरली. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट एका गोष्टीचं वाटायला हवं होतं आणि तेच तिच्या ध्यानात आलं नाही. ओट्यावरून गर्दीच नव्हे, म्हाताऱ्याही नाहीशा होत होत्या. पूर्वी मुलाबरोबर आजी यायची, आई मागे उभी असायची. आता आई एकटी यायची, रिक्षातून.

गायत्री अशीच एकटी आली. शहाण्णव सालचे उन्हाळ्याचे दिवस, सकाळीच ऊन चटका देत होतं. पोरगी कोइंबतूरकडे वाढलेली, लग्न होऊन तंजावूरला आलेली. कडेवर कार्तिक, अजून वर्षाचा झाला नव्हता. हातात स्टीलची वाटी.

“मी सरोजाबाईंची सून, अक्का.”

“सरोजाची? ये, ये मा. बस की.”

सरोजा म्हणजे अक्काची जुनी मैत्रीण. तिच्या मुलाला, प्रणवेशला, अक्कानं याच ओट्यावर कितीदा तरी चोळलं होतं. सरोजा वारली तेव्हा अक्का समाचाराला जाऊन आली होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाव कानावर पडलं आणि तिच्या मनानं सरोजाचंच घर समोर उभं केलं, सरोजा त्यात असल्यासारखं.

“काय होऊलालं पिल्लाला?”

“काल दुपारपासून ओकूलाला. मधेंच पाय पोटाशीं घेतो अन् किंचाळतो, मग एकदम निपचीत. दूध घेईना. शेजारच्या तमिळ बाई म्हणाल्या, कुडल एट्रम आहे, कनकाक्काकडे जा. हे कुंभकोणला गेलेत, परवां येतील.”

प्रणवेश रंगीत टीव्ही आणि कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या दुकानात होता. मोटारसायकलवरून पापनाशम, कुंभकोणम करत फिरायचा, लोकांच्या घरी यंत्र चालवून दाखवायचा.

अक्कानं कार्तिकला मांडीवर घेतलं. पोर गोरंपान, पण त्या वेळी ओठ पांढरे पडलेले. तेल गालाला लावून बघितलं, हात पोटावर ठेवला. दोनदा बोटं फिरली आणि उजव्या कुशीत थांबली. तिथं कोवळ्या पडवळाच्या तुकड्यासारखं काहीतरी होतं. दाबलं की पोर ताठ व्हायचं. असं तिच्या बोटांना आयुष्यात फार थोड्या वेळा लागलं होतं. सासूनं सांगितलं होतं, हे लागलं की हात काढ, हे आपलं नव्हे.

तिनं हात काढला.

पोरीचा चेहरा बघितला, कोवळी होती, डोळे लाल, रात्रभर जागलेली. ‘दवाखान्यात ने’ हे दोन शब्द. कुणीही बोललं असतं. रस्त्यावरचा रिक्षावाला बोलला असता. पण कनकलतानं ते शब्द आयुष्यभर गिळले होते आणि गिळता गिळताच इतकी मुलं वाचली होती असं तिचं गणित होतं. तिनं ताटातलं विड्याचं पान उचललं, वाटीवर झाकलं, वाटी गायत्रीच्या हातात दिली आणि कार्तिकच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला. तिच्या मते ती आरडून ओरडून सांगत होती.

गायत्रीनं वाटीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. “किती मायेच्या हो तुम्ही,” असं काहीतरी म्हणाली. रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.

“येते अक्का.”

“ये मा.”

त्या हसण्यानं अक्का जरा चमकली. उठून ओट्याच्या कडेशी गेली. रिक्षा गल्लीबाहेर पडून मेडिकल कॉलेज रोडच्या दिशेनं वळली. अक्काला हायसं वाटलं. मोठा दवाखाना त्याच रस्त्यावर. सरोजाची सून ती, तिला कळायचंच. गायत्रीची नवी वसाहतही त्याच रस्त्यावर होती, हे तिच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी तिनं ते बाजूला सारलं असतं, कारण माणसाला हायसं वाटायचं असलं की रस्ता कुठं जातो ते तो फार खोलात जाऊन बघत नाही.

त्या दिवशी तिनं देवापुढे कार्तिकचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मूल आलं, त्याला चोळलं. कार्तिकची आठवण झाली तेव्हा मनाशी म्हणाली, आता दवाखान्यात असेल, सलाइनची बाटली लावली असेल. एकदा वाटलं, जाऊन यावं. पण दवाखान्यात जाऊन चौकशी करणं म्हणजे वाईटाचा मागोवा घेणं. राहू दे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत मोटारसायकल थांबली. प्रणवेश होता. अंगावर प्रवासाची धूळ, कुंभकोणमहून येऊन घरात पाऊल टाकलं न टाकलं तोच बायकोनं परत पिटाळलेलं. त्याच्या हातात ती स्टीलची वाटी होती.

“अक्का, जरा येतां का घरीं? पिल्लू रडायचं थांबलं, पण डोळें उघडीना. गायत्री म्हणते, तुम्ही दिलेलं तेल अस्कं संपलं, अक्काला विचारून अजून आणा.”

अक्कानं वाटी हातात घेतली. आत बोट फिरवून बघावं इतकी स्वच्छ. अस्कं म्हणजे सगळं, पोरीनं थेंब न थेंब वापरला होता.

“चोळलं तिनं?”

“अस्का वेळ चोळूलाली, अक्का. रात्रींसुद्धा. तुम्हीच तर तेल दिलांत.”

कनकलताला एका क्षणात सगळं दिसलं. रिक्षा, वसाहत, बंद दार, पाय पसरून बसलेली ती पोरगी आणि तिच्या मांडीवर ते ताठ होणारं पोट. सरोजा नाही. कुणी सांगणारं नाही. त्या घरात म्हातारं माणूसच नाही.

“दवाखान्यात ने,” ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली. “दवाखान्यात ने त्याला! उभा काय राहिलास? जा!”

प्रणवेश घाबरून बघतच राहिला. सबंध आयुष्यात अक्काच्या तोंडून त्यानं ‘जा’ ऐकलं नव्हतं. ती त्याच्यामागे मोटारसायकलवर बसली, जन्मात बसली नव्हती ती, एका हातात वाटी, दुसऱ्या मुठीत लुगड्याचा सोगा धरून. वसाहतीतून चौघं रिक्षातून मोठ्या दवाखान्यात गेले. गायत्री पोराच्या पोटावर हात ठेवूनच बसली होती. अक्कानं तो हात उचलून बाजूला केला. गायत्रीनं पुन्हा ठेवला.

पोटात आतड्यात आतडं शिरलं होतं. लहान मुलांना होतं तसं. पुढे ते सडलं. डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं, होईल तेवढं केलं. त्यांचा काही दोष नव्हता. कार्तिक दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. गेला असंच म्हणायचं. इथं दुसरा कुठला शब्द वापरला तरी तो जाणारच होता.

त्याआधी, शस्त्रक्रिया व्हायच्या आधी, एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली होती. मुलाच्या अंगाला एरंडेलाचा वास. तिनं तमिळमध्ये विचारलं, “हे पोट कुणी चोळलं?” आवाज चढलेला होता. तिचंही बरोबर, असली पोरं ती रोज बघत असणार.

गायत्री भिंतीला टेकून उभी होती आणि अक्का तिच्या शेजारी. एक बोट दाखवायचा अवकाश होता. गायत्रीनं अक्काकडे बघितलंसुद्धा नाही.

“मीच चोळलं, डॉक्टर.”

“असल्या पोटाला हात लावायचा नसतो, एवढं कळत नाही? शिकलेली दिसतेस ना? त्याच दिवशी आणायला काय झालं होतं?”

गायत्री मान खाली घालून ऐकत राहिली. कनकलताच्या तोंडात शब्द आला होता, अगदी दातांपाशी. तो तिथंच राहिला. आयुष्यभराची सवय होती. डॉक्टरीण आत गेली, दार लागलं आणि पोरीचा हात अक्काच्या हाताला लागला तेव्हा अक्काला स्वतःची शिसारी आली. त्या पोरीनं तिला वाचवलं होतं. आणि कशापासून वाचवलं हे पोरीला ठाऊकही नव्हतं.

समाचाराला अक्का गेली. बायांच्या गर्दीत बसून आली, काही बोलली नाही. तिथं न बोलणं खपून जातं.

त्यानंतर कनकलता बदलली, आणि अशी बदलली की लोकांना हसावं की रडावं कळेना. आई ओट्यावर चढायच्या आत ही म्हणायची, “आधी डॉक्टरला दाखव.” मुलाला उचकी लागली, डॉक्टरला दाखव. फणस जास्त खाल्ला म्हणून पोट गुडगुडतंय, डॉक्टरला दाखव. पोटाला कान असतात म्हणणारी ती, आता गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दवाखान्याचं नाव घ्यायची. एका बाईला तर तिनं दाराबाहेरूनच परत पाठवलं. ती जाताना पुटपुटली, “काय ग्रह फिरलेत हिचे, लेकराच्या तोंडावर असं बोलते!” बायांची कुजबूज झाली, कनकाक्काच्या हाताचा गुण गेला. हळूहळू ओटा रिकामा पडला. देवापुढचा दिवा आता दुकानातल्या तेलानं लागायचा. अक्का सकाळी सवयीनं ओट्यावर पाय पसरून बसायची, कुणी येत नाही हे कळल्यावर पाय जवळ घ्यायची. होसूरचा मुलगा दर पोंगलला तेच विचारायचा, आणि ती तेच सांगायची. का जात नाही हे तिला सांगता आलं नसतं. कदाचित तिला वाटत असावं की एक दिवस गायत्री येईल. त्याचीच तिला भीती होती आणि त्याचीच वाट.

गायत्री आली ती काही वर्षांनी. कडेवर मुलगी, वर्षा-दीड वर्षाची, मोठ्या डोळ्यांची. हातात वाटी. तीच वाटी, कडेला पोचा असलेली. अक्कानं ती लगेच ओळखली.

“महालक्ष्मी नाव ठेवलं,” गायत्री म्हणाली. “पोट साफ होईना हिचं, अक्का. रडरडूलाली.”

“डॉक्टरला दाखव.”

“दाखवलं. औषध दिलंय. भिण्यासारखं कांही नाही म्हणाले. तुम्ही फक्त एकदां हात फिरवा.”

“मी आतां हात लावत नाही, मा. तूच लाव घरीं, हलक्या हातानं.”

गायत्री ओट्यावर बसली. मुलगी उतरून अक्काच्या पायाशी खेळायला लागली. गायत्री मुलीकडे न बघता म्हणाली, “माझ्या हाताला गुण नाही, अक्का. हिला मी अजून तेल लावलं नाही. एकदाही नाही. जन्मल्यापासून शेजारच्या बाई न्हाऊ घालतात. मी उटणं कालवून देते, पाणी काढून देते. हिच्या पोटाला हात लावायचा म्हटलं की माझीं बोटं अशीं होतात.” तिनं बोटं आखडून दाखवली. “तुम्ही त्या वेळीं मज विश्वासानं तेल दिलांत. मज चोळतां आलं नाही.”

कनकलताला वाटलं, आता धरणी दुभंगावी. पोरगी इतकी वर्षं हे घेऊन राहिली होती. स्वतःच्या लेकीला तेल न लावता. आणि ही ओट्यावर बसून उचकीलासुद्धा दवाखाना सांगत होती, जसं काही त्यानं फिटणार होतं.

“तुझ्या हाताला कांही झालेलं नाही,” ती म्हणाली.

“मग कशाला झालं?”

मुलीनं अक्काच्या लुगड्याचा काठ ओढून बघितला.

“आतां तुम्ही अस्क्यांना दवाखाना सांगतां म्हणे,” गायत्री म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं पडल्यासारखं विचारत होती. “तेव्हां मज कां नाही सांगितलांत?”

“सांगितलं होतं.”

“कधीं?”

कनकलतानं वाटीकडे बोट केलं. मग तिनं सगळं सांगितलं. उरलेलं तेल ठेवून घेतलं तर काय, परत दिलं तर काय. पानानं का झाकायचं, डोक्यावर हात का ठेवायचा. तुझ्या सासूला कळलं असतं, म्हणाली. सांबशिवरावांच्या आईला कळलं होतं. माझ्या बोटांना ती गाठ लागली होती, तुझ्यासमोर लागली होती, आणि मी तोंड उघडलं नाही. “तुझी चूक नाही, मा. माझी आहे. मी बोलायला हवं होतं.” इतकं बोलायला तिला वर्षं लागली होती, आणि बोलून संपायला दोन घोट पाण्याएवढाही वेळ लागला नाही.

आपण बोललो की पोरीच्या मनावरचं ओझं उतरेल, असं अक्काला कुठंतरी वाटलं होतं. ते चुकलं. गायत्रीचा चेहरा हळूहळू असा झाला की अक्काला बघवेना.

“म्हणजे तो दिवस होता माझ्याकडे,” गायत्री म्हणाली. “तेव्हां नेलं असतं तर.”

अक्कानं मुलीच्या मुठीतून लुगड्याचा काठ हळूच सोडवला.

“तुम्ही मज सांगून पाठवलांत. अन् मी घरीं जाऊन चोळत बसले. जिथं गाठ होती तिथंच. रडला की अजून जोरांत.” तिनं स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. “मज कोण सांगणार होतं हो, तेल परत दिलं की काय समजायचं? कोण होतं माझ्या घरीं?”

“कोणी नाही, मा.”

“तुम्हांस ठाऊक होतं.”

“होतं.”

गल्लीत फुलवाली ओरडत गेली. महालक्ष्मीनं वाटीत हात घातला आणि तेलाची बोटं अक्काच्या लुगड्याला पुसली. गायत्रीनं पटकन वाकून तिला उचलली. इतक्या घाईनं की पोर दचकलं. तेलानं माखलेला तो इवला हात तिनं आपल्या पदरात घट्ट धरला आणि पुसत राहिली, एकदा, पुन्हा पुन्हा, बोट बोट वेगळं करून.

ती रडली नाही. अक्कावर ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तेवढंही सुख कनकलताच्या नशिबी नव्हतं. गायत्री पायऱ्या उतरली, चपला घातल्या आणि गल्लीत उभी राहून तिनं मागे वळून बघितलं. अक्काला वाटलं, आता ती तोंडातल्या तोंडात नेहमीचं म्हणेल, ‘येते’. सवयीनं का होईना.

“जाते,” गायत्री म्हणाली.

आयुष्यभर त्या दारात अक्कानं ज्याला त्याला परत बोलावून पाणी पाजलं होतं, शब्द फिरवून घेतला होता. आताही तिचा हात उचलला गेला, तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडानं बोलावणार? हात तसाच खाली आला. गायत्री मुलीला घेऊन वळणापलीकडे गेली.

वाटी ओट्यावरच राहिली होती, तेलानं भरलेली. महालक्ष्मी पुढे डॉक्टरांच्या औषधानं बरी झाली, असं कानावर आलं. अक्कानं त्या तेलाचा दिवा लावला नाही आणि ते टाकलंही नाही. विड्याचं पान झाकून तिनं वाटी कोनाड्यात ठेवली. पान वाळलं की नवं झाकायची. न्यायला कुणी आलं नाही.